जरा चढा सूर

त्या वर्षी कतारमध्ये प्रत्येक गोष्टीला वर्ल्ड कपची डेडलाइन होती. रस्ते, मेट्रो, गटारं, शाळांची गॅदरिंगं, एवढंच काय, आमच्या कंपाउंडमधला गळका स्विमिंग पूलसुद्धा वर्ल्ड कपच्या आत दुरुस्त होणार होता. (झाला नाही.) मला मात्र कसलीच घाई नव्हती. आई जाऊन काही महिने झाले होते आणि मला काही वाटत नव्हतं. दुःख आवरून धरलं होतं वगैरे नाही, खरोखरच काही वाटत नव्हतं. अंगाखाली दबून बधिर झालेला हात आपलाच असतो, पण दुसऱ्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो. तशी मी स्वतःला उचलून रोज अल खोरच्या घरातून रास लफानच्या ऑफिसात नेत होते, शिफ्टचे रोस्टर लावत होते आणि संध्याकाळी परत आणत होते.

बाबांचं त्याहून वाईट होतं. नाशिकला त्यांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे हल्ली सांगावं लागतं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या पेट्या सुरात लावल्या. आई गेली आणि त्यांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. एकटं ठेवणं शक्य नव्हतं म्हणून व्हिजिट व्हिसावर त्यांना इकडे आणलं. येताना बॅगेत कपडे थोडे आणि कानशी, पकडी, ब्रश यांची एक कापडी गुंडाळी. ती गुंडाळी कपाटात गेली आणि बाबा सोफ्यावर बसले. टीव्ही लावला तर टीव्ही बघायचे, बंद केला तर बंद टीव्ही बघायचे. पूर्वी आमटीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस. मी एकदा मुद्दाम मीठच घातलं नाही. मुकाट्याने अर्धी वाटी संपवून उठले. आपल्याला आता भीती वाटायला हवी, एवढं मला कळलं. हा माणूस पुन्हा माणसात येतो की नाही, एवढा एकच प्रश्न त्या वर्षी माझ्यापुढे होता, आणि तो सोडवायला लागणारी कळकळ माझ्यापाशी शिल्लक नव्हती.

अशात नवऱ्याने मला कॉयरमध्ये, म्हणजे एका समूहगानाच्या गटात, घातलं. शाळेत घालतात तसं, हाताला धरून. अल गराफातल्या एका इंटरनॅशनल शाळेच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी हे लोक जमत. फिलिपिनो नर्सेस, एक स्कॉटिश इन्स्पेक्टर, दोन मल्याळी अकाउंटंट, एक लेबनीज दंतवैद्य आणि त्यांच्यापुढे एक उंच, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा जर्मन. तो त्या शाळेत संगीत शिकवायचा आणि हा कॉयर हौसेने चालवायचा. त्याच्या पोटावर एक काळी अकॉर्डियन. कडेला मोती बसवल्यासारखं नक्षीकाम, कोपरे झिजलेले. मला ती बघताक्षणी ओळखीची वाटली. आमच्याच पेटीची युरोपात दिलेली बहीण. तोच भाता, तेच आतले पितळी-पोलादी सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पात्या, फक्त उभी करून गळ्यात बांधलेली.

त्याची एक पद्धत होती. गाणं सुरू करण्याआधी तो अकॉर्डियनच्या कडेचं एक बटन दाबायचा. ते दाबलं की भाता उघडतो-मिटतो, पण सूर निघत नाही, नुसती हवा आत-बाहेर होते. त्या आवाजाबरोबर सगळ्यांनी श्वास घ्यायचा आणि सोडायचा. बराच वेळ. पुष्कळ लोक कंटाळायचे. मला तेवढंच आवडायचं, कारण त्यात माझ्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती. पुढे गाणं सुरू झालं की मी तोंड हलवायची. त्याला ते समजत होतं. तो एकदाही मला काही म्हणाला नाही.

सूर निघायचा तेव्हा मात्र माझे कान टवकारायचे. पेटीवाल्याची मुलगी आहे मी. एकेका पट्टीतून दोन सूर निघत होते आणि ते एकमेकांत नीट मिसळत नव्हते, त्यामुळे आवाज किंचित थरथरायचा. जुनी झाली असेल, मनात म्हटलं. माणसंही होतात.

रमजानच्या आसपास शाळेने त्याची गाडी काढून घेतली, त्याची कथा लांबलचक आहे आणि त्यात कुणाचंच भलं नाही. काही आठवडे त्याला घरी सोडायचं काम माझ्याकडे आलं. रस्ते रोज बदलत. काल होता तो पूल आज बंद, काल नव्हता तो आज चालू, आणि फोनमधली बाई आम्हाला खड्ड्यातून डावीकडे वळायला सांगायची. त्या वळणा-वळणांवर त्याने मला त्याचं आयुष्य सांगितलं. अकॉर्डियनला तो मागच्या सीटवर बसवून पट्टा लावायचा.

तो कोळशाच्या खाणीच्या गावातला. बाप खाणीत, आणि रविवारी लग्नाबारशात वाजवायचा. मुलगा पुरेसा उंच झाल्यावर बापाने ही अकॉर्डियन त्याच्या गळ्यात घातली आणि स्वतः प्यायला मोकळा झाला. पुढे तो शिकला, मोठ्या शहरात जाऊन आला, दोन-चार बक्षिसं मिळवली आणि परत गावातच खाणकामगारांच्या कॉयरचा प्रमुख झाला. सगळे पुरुष, सगळ्यांची छाती धुळीने भरलेली. "खर्जातली माणसं आधी गेली," तो म्हणाला. "मग मधली. मी एकच गाणं प्रत्येकाच्या दफनाला बसवलं, आणि दर वेळी ते थोडं बारीक आवाजात झालं." खाण बंद झाली, मग कॉयर. त्याची बायको अकॉर्डियनच्या कारखान्यात कामाला होती. तीही गेली. मुलंबाळं नव्हती. ज्या वयात लोक बागेत गुलाब लावतात त्या वयात त्याने कतारच्या शाळेची जाहिरात पाहिली. हे सगळं तो सामानाची यादी वाचावी तसं सांगायचा. मीही तसंच ऐकायची. आमचं छान जमलं होतं.

आणि इथेही तेच चाललं होतं. एकेक स्टेडियम पुरं होत होतं, एकेकाचं काँट्रॅक्ट संपत होतं. दर गुरुवारी कुणीतरी केक आणायचं आणि पुढच्या गुरुवारी ती खुर्ची रिकामी. शाळेच्या हॉलमध्ये उन्हाळी सुट्टीआधी एक कार्यक्रम ठरला होता. तेवढा तरी होऊ दे, म्हणून तो धरून बसला होता. त्यानंतर त्याचंही काँट्रॅक्ट संपणार होतं.

कार्यक्रमाला थोडेच आठवडे राहिले असताना त्याचा फोन आला. तोवर त्याला एक जुनी गाडी मिळाली होती. बायको गेली त्या तारखेला तो एकटाच अल रुवैसला गेला, मासेमारीच्या होड्या लागतात त्या धक्क्यावर बसला आणि अकॉर्डियन गाडीत विसरला. जो माणूस तिला पट्टा लावून नेतो, तो विसरला. काचा बंद, वर ऊन. अकॉर्डियनमधले सूर लाकडाच्या ठोकळ्यांवर मेणाने चिकटवलेले असतात. मेण वितळलं आणि सगळे सूर सुटून तळाशी जाऊन पडले. बाबांच्या दुकानाचं मी त्याला गाडीत कधीतरी सांगितलं होतं. तो मला म्हणाला, "तुझे वडील हे काम करतात ना?"

मी अकॉर्डियन अल खोरला आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. बाबांना काही सांगितलं नाही. त्यांनी एकदा बघितलं, पुन्हा बंद टीव्हीकडे बघितलं. मी ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, अकॉर्डियनचं पोट उघडं, कापडी गुंडाळी उलगडलेली आणि बाबा कपाळावर चष्मा चढवून माझ्यावर ओरडले, "अगं, मेणाने चिकटवतं का कुणी सूर? जर्मनांना स्क्रू परवडत नव्हते?"

त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी ओरडलं होतं.

पुढचे दिवस आमचं स्वयंपाकघर बाबांनी बळकावलं. जर्मनाने बायकोच्या सामानातला मेणाचा एक जुना डबा दिला होता. ते मेण बाबा फोडणीच्या पळीत पातळ करायचे आणि चमच्याच्या दांड्याने एकेका सुराच्या कडेने ओतायचे. माझी मुलगी त्यांना अकॉर्डियनचे व्हिडिओ शोधून द्यायची. ते मराठीत शिव्या द्यायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांचं उत्तम चालायचं. आमटीत मीठ जास्त झालंय असं ते एके दिवशी म्हणाले. झालेलं नव्हतं. मी पाणी घातलं.

काम झाल्यावर जर्मन न्यायला आला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने अकॉर्डियन गळ्यात अडकवली, बटन दाबून भात्यातून हवा आत-बाहेर केली आणि एक पट्टी दाबली. सूर निघाला. स्वच्छ, सरळ, कुठे हलणं नाही की थरथर नाही. त्याने दुसरी पट्टी दाबली, तिसरी. मग खालपासून वरपर्यंत एकेक, सावकाश. बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, "पार बेसूर होऊन पडली होती बिचारी. प्रत्येक जोडीतला एक सूर चढा. सगळे उतरवले. सुरात लावल्याशिवाय पेटी आपल्या दारातून बाहेर जात नाही, त्यांना सांग." मी सांगितलं. जर्मन बाबांकडे बघत राहिला. मग त्याने हात जोडले, कुणीतरी शिकवलं असावं तसे जरा जास्तच वर, आणि म्हणाला, "व्हेरी क्लीन."

खाली गाडीपाशी त्याने अकॉर्डियनला पट्टा लावला आणि दार न लावता उभा राहिला. त्याची बायको कारखान्यात काय करायची, ते त्याने मला तेव्हा सांगितलं. सूर लावायची. तरुण असताना तो हीच अकॉर्डियन घेऊन तिच्या टेबलाशी गेला होता. प्रत्येक जोडीतला एक सूर ती मुद्दाम किंचित वर ठेवायची. त्यांच्याकडे तशी रीतच आहे, पण किती वर, हे ज्याचं त्याचं. तिचं माप तिच्या कानात होतं. दर दोन-तीन वर्षांनी ती घरीच पुन्हा लावून द्यायची. ती गेल्यावर त्याने आत कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मेण बसवणारा माणूस आमच्याकडे वेगळा असतो आणि सूर लावणारा वेगळा," तो म्हणाला. "मला वाटलं, इथेही तसंच असेल. तुझ्या वडिलांना सांगू नकोस. त्यांनी काम चांगलं केलंय."

मी नाही सांगितलं. वर गेले तर बाबा नातीला भूप शिकवत होते.

ते गुपित फार टिकलं नाही. बाबांना आपली कामगिरी वाजताना ऐकायची होती, आधीची आणि नंतरची. "आधीचं काही असेल की तुझ्या फोनमध्ये?" मी नाही म्हणायच्या आत मुलीने माझ्या फोनवर जुन्या तालमीचा व्हिडिओ लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ऐकला. परत लावायला सांगितला. मग फोन कानाशी धरून डोळे मिटले आणि बोटाने गुडघ्यावर ती थरथर मोजत राहिले.

"अगं, हे बेसूर नाहीये," ते म्हणाले. "बिघडलेली पेटी कुठे जास्त बिघडते, कुठे कमी. ही सगळीकडे हिशेबात हलतेय. हे कुणीतरी लावलेलं आहे. कुणी?"

खोटं सुचलं नाही. "त्यांच्या बायकोने."

"कुठे असते ती?"

"गेली, बाबा."

ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले. आता पुन्हा सोफा, पुन्हा बंद टीव्ही, असं मला वाटलं. पण ते बोलायला लागले, आणि जर्मनाबद्दल नाही.

"तुझी आई गायची. तुला माहीत नाही. लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर गायची, भांडी घासताना, निवडताना. गळा गोड, पण सूर जरा चढा लागायचा. माझ्या कानाला टोचायचं. मी आतून ओरडायचो, 'उतर, जरा खाली उतर.' हसायची आधी. मग मी दुकानात गेल्यावर गायला लागली. मग बंदच झाली." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "मला बरं वाटलं होतं तेव्हा. घरात शांतता झाली म्हणून."

मला आठवलं ते वेगळंच. लहानपणी एकदा शाळेतून लवकर आले होते. मोरीत आई काहीतरी गुणगुणत होती. जिन्यात बाबांच्या वहाणा वाजल्या आणि तिने नळ मोठा सोडला. तेव्हा त्याचा काही अर्थ लागला नव्हता. आता लागला, आणि तरीही मला काही वाटलं नाही. मी उठून कुकर लावला.

बाबांनी जर्मनाला बोलावून घ्यायला लावलं. शुक्रवारी दुपारी तो आला. बाबा त्याच्यापुढे उभे राहून म्हणाले, "साहेब, चूक झाली. मी परत चढवून देतो." मी भाषांतर केलं. तो माझ्याकडे रागाने बघायला लागला. सांगू नको म्हटलं होतं ना, असं. मी म्हटलं, "त्यांनी स्वतःच ओळखलं." मग त्याचा चेहरा बदलला. तो खुर्चीत बसला आणि त्याने त्याचा फोन काढला.

त्याच्या फोनमध्ये खूप होतं. नाताळ, वाढदिवस, स्वयंपाकघरात वाजवलेलं. मध्येच एक बाई खळखळून हसायची, मध्येच त्याला काहीतरी दटावायची. बाबा त्यातून एकेक सूर वेचून ऐकायचे. त्यांनी सुराच्या बुडाशी कानस लावून तो उतरवला होता. आता टोकाशी लावून चढवायचा. हलकासा हात फिरवायचा, सूर जागेवर ठेवायचा, जर्मनाने वाजवायचं, दोघांनी मान तिरकी करून ऐकायचं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी चहा करायला गेले आणि परत आले तर त्यांनी इथलेच दोन शब्द मधे घेऊन काम चालू केलं होतं. अजून चढव म्हणजे "यल्ला". पुरे म्हणजे "खलास". कधी जर्मन खलास म्हणायचा आणि बाबा हट्टाने यल्ला म्हणून आणखी एकदा कानस फिरवायचे, आणि मग जर्मन मान डोलवायचा.

तीन-चार शुक्रवार लागले. अगदी तसं झालं नाही. जर्मन म्हणाला, खालच्या पट्ट्यांत ती आहे, वरच्यांत तुझे वडील आहेत. तक्रार म्हणून म्हणाला नाही. कार्यक्रम झाला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, गाणारे त्याहून कमी, आणि सगळ्यांवर ती थरथर पसरली होती. बाबा शेवटच्या रांगेत बसून मोजत होते. काही दिवसांनी तो परत गेला. सगळे त्याला म्हणाले, अरेरे, मॅच चुकणार तुझ्या. तो म्हणाला, मला फुटबॉल कळत नाही, आणि कॉयरमध्ये तेवढा एक मोठा हशा झाला.

तो गेला त्या आठवड्यात बाबा टेबलावरचा लोखंडाचा कीस ओल्या फडक्याने पुसत होते. न बघता म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये तुझ्या आईचं काही आहे का? गाण्याचं?"

"नाही, बाबा."

"कुठलंही चालेल. अर्धी ओळ."

"नाहीये." नव्हतंच. कुठून असणार?

ते पुसत राहिले. मी फोन घेतला आणि मागे मागे जात राहिले. आईचा एक व्हॉइस मेसेज होता, मागच्या सुट्टीनंतर मी इकडे परतले तेव्हाचा. तो मी कधी पुन्हा ऐकला नव्हता. मी तो लावला.

"अगं, पोचलीस का? फोन नाही काही नाही. इथे तुझ्या बाबांनी हॉलमध्ये दोन पेट्या उघडून ठेवल्यात, मला पाय टाकायला जागा नाही. चकल्या लवकर संपव, मऊ पडतील. बरं, फोन कर."

बाबांचा हात फडक्यावर थांबला. ओठ मिटून त्यांनी तो आवाज हळूच गुणगुणत धरून बघितला, आवाज कुठल्या पट्टीत बसतो ते बघायला पेटीवाले धरतात तसा.

"काळी चार," ते म्हणाले. "काळी चारच्या वर. थोडीशी."

मला मुंग्या आल्या. बधिर हात जागा होताना येतात तशा, आधी बोटांत, मग वर. मला आई हवी होती. मी टेबलाची कड धरून उभी राहिले आणि रडले, इतक्या मोठ्याने की मुलगी खोलीतून "व्हॉट हॅपन्ड?" विचारत बाहेर आली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचं लक्ष फोनकडे होतं.

"चढाच आहे," ते म्हणाले. "असू दे. परत लाव."